शेवटचं बटण दाबलं जात नाही

माझा गेम विकायला ठेवून सतरा दिवस झाले तेव्हा त्याखाली दोनशे सहा अभिप्राय होते आणि त्यातल्या निदान साठ जणांशी मी भांडले होते. राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या गावात, आष्टीत, कुणालाही विचारा. पण जालन्याच्या एका खोलीत, तापलेल्या पत्र्याखाली, तीन वर्षं एकटीने बसून केलेल्या कामाला कुणी परका माणूस दोन तास खेळून 'फालतू' म्हणतो, तेव्हा थंड डोक्याच्या बाईचंही डोकं फिरेल. माझं तर आधीच फिरलेलं.

गेमचं नाव 'केंद्र नऊ'. जिथे सूर्य कधी मावळत नाही अशा ग्रहावरचं एक ओसाड केंद्र. खेळणारा एका पोरीच्या जागी असतो, त्याला स्वतःचे फक्त हात दिसतात, बाकी सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं. खाली खोल भुयारात एक तंत्रज्ञ केबल दुरुस्त करतोय, त्याचा आवाज रेडिओवर येतो. केंद्रातली वीज वाटेल तेव्हा जाते, वाटेल तेव्हा येते. तेरा दारं, तेरा कोडी. वीज कुणाकडे वळवायची, पाणी कुठे सोडायचं, हे जुळलं की दार उघडतं. तेराव्या दारामागे एक लोखंडी पेटी आहे. तंत्रज्ञ सांगतो, "ऑटो काढ." पेटीचं झाकण उघडतं, पण आतलं ऑटोचं बटण दाबलं जात नाही. कितीही दाबा. मग वीज येते आणि रेडिओ बंद पडतो. तिथे गेम संपतो.

यावरून जगभरातले लोक माझ्यावर तुटून पडले होते.

"कोडी उत्तम, पण शेवटचं बटण दाबलं जात नाही. उघड बिघाड आहे. पैसे परत द्या." हा पोलंडचा. "तीनदा पहिल्यापासून खेळलो, वाटलं माझंच काही राहून गेलं. बटण हलतच नाही. बनवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे." हा बंगळूरचा, याला मी जास्त सुनावलं. एका प्राध्यापकाने लिहिलं होतं की हे न दाबलं जाणारं बटण म्हणजे आधुनिक माणसाची हतबलता. त्याला मी धन्यवाद दिले, पण मनातून त्याचाही रागच आला.

दुसरी तक्रार लाल कापडाची. पहिल्याच खोलीत खेळणाऱ्याला एक लाल कापड मिळतं. ते डोक्याला गुंडाळता येतं. त्याने काहीही होत नाही. ब्राझीलच्या एका बाईने लिहिलं, "हे कापड दिलंय कशाला? तेरा खोल्या मी ते जपलं. वाटलं, कुठेतरी बांधायचं असेल. प्रत्येक दाराच्या कडीला बांधून पाहिलं, शेवटच्या पेटीच्या कडीलाही. बांधलंच जात नाही. कोड्याच्या खेळात निरुपयोगी वस्तू ठेवणं ही फसवणूक आहे." अशा सतरा-अठरा तक्रारी होत्या. मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवलं, "ऊन लागतं म्हणून दिलंय. तुमच्याकडे ऊन नसेल."

कापड का ठेवलं, हे मलाही सांगता आलं नसतं. त्या पोरीच्या डोक्यावर ते हवंच असं वाटलं, म्हणून ठेवलं.

बटणाचं मात्र मला पक्कं ठाऊक होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमची विहीर चुलत्यांबरोबर सामाईक. आठवड्यातले चार दिवस पाण्याची बारी आमची, तीन दिवस त्यांची, पालट दुपारी बाराला. दोघांत मोटर एक, आणि तिची पेटी विहिरीपासून लांब, रस्त्याकडेच्या खांबाला. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पेटीत ऑटो लावून ठेवायचा. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसाने तिथे राखणीला बसायला नको. तेरा सालच्या मे महिन्यात, लाइट गेलेली असताना, माझे वडील भुजंगराव केबलचा जॉइंट करायला विहिरीत उतरले. मी तेरा वर्षांची. त्यांनी मला पेटीकडे पाठवलं, ऑटो काढायला. माझ्या हातात त्यांचा मोबाइल होता, त्यावर मी ठोकळ्यांचा खेळ खेळत चालले होते. पेटीचं झाकण उघडल्याचं मला आठवतं. बटण बंद केल्याचं आठवत नाही. साडेबाराला लाइट आली.

लोक म्हणाले, भुजंगराव ऑटो काढायचा विसरला. त्यांनी मला पाठवलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. बारा वर्षं मी रोज ते झाकण उघडते आणि बटणापाशी येऊन थांबते. म्हणून ते गेममध्ये दाबलं जात नाही. त्यात कसली आलीय आधुनिक माणसाची हतबलता.

गेम मराठीतही ठेवायला लावला तो माऊलीदादाने. माऊली माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. शेती बघून आष्टीच्या स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. स्वभावाने इतका गरीब की आमचे वडील गेल्यापासून त्याने गुरुवारची आपली बारी आईला देऊन टाकली. आई प्रत्येक गुरुवारी त्याचं नाव काढते. गेम आला त्याच दिवशी त्याने विकत घेतला आणि रोज दुपारी दुकानातून फोन करायला लागला.

"तृप्ते, सातवा दरवाजा उघडून न्हाई राह्यला. तीन गिऱ्हाइकं बसून राह्यले माझे."

"दादा, गिऱ्हाइकं बघ आधी."

"बसू दे त्यांना. तू फकस्त सांग, वरचा व्हॉल्व्ह आधी का खालचा?"

मी सांगायची नाही, तो शिव्या घालायचा, मग दुसऱ्या दिवशी दार उघडल्याचं सांगायला परत फोन. तेरावं दार उघडलं त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. त्यानंतर आठ दिवस आला नाही. मला वाटलं, हंगामाची गडबड असेल.

अठराव्या दिवशी दुपारी दोनशे सातवा अभिप्राय आला. नाव 'माऊली आष्टी'. खेळलेला वेळ एकेचाळीस तास. शिफारस, नाही. मला हसू आलं. घरचाच माणूस उलटला म्हणून त्याला झापायच्या तयारीने मी वाचायला घेतलं.

"गेम चांगला आहे. कोडी लई भारी आहेत. पण शेवट खोटा आहे. पोरीनं बटण काढल्तं. मला म्हाईत आहे, कारण बारा वाजता आमची बारी लागली तव्हा मीच पेटीवर गेल्तो. ऑटो काढलेला व्हता. पेटीच्या कडीला रुमाल नव्हता. म्हणून मी ऑटो परत लावला अन् तिकडं रानात पाण्याची दारं धराया गेलो. रुमाल बांधलेला असंल, वाऱ्यानं उडाला असंल. मी खाली भुईवर बघाया पाहिजे व्हतं. बघितलं न्हाई. तरी पोरीची काही चूक नसून शेवट बदलण्यात यावा ही विनंती."

त्याखाली साइटने लिहिलं होतं, दोघांना हा अभिप्राय मजेदार वाटला.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. बटण मी काढलं होतं. मी ते काढलं होतं आणि मला आठवत नव्हतं, एवढंच. बारा वर्षं ज्या झाकणापाशी मी उभी होते, त्याच्या आत काम झालेलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण मी मोठ्याने हसले. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. मग त्याच क्षणी माऊलीचा राग आला. माझ्या बापाच्या अंगावर लाइट सोडणारा हा, आणि बारा वर्षं गुरुवारचं पाणी देऊन थोरपणा मिरवणारा हा. त्या पाण्याचा अर्थ आज कळला. उत्तर द्यायची चौकट उघडली आणि मला येतात तेवढ्या शिव्या मनात जमवल्या.

लिहायच्या आधी अभिप्राय पुन्हा वाचला आणि रुमालापाशी अडकले.

आमच्याकडे एक रीत आहे. विहिरीत माणूस उतरला की त्याचा रुमाल पेटीच्या कडीला बांधायचा. रुमाल दिसला की कुणी पेटीला हात लावत नाही, मग बारी कुणाची का असेना. रुमाल नसला की विहिरीत कुणी नाही. आमच्या शिवारात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं.

आणि मग वडिलांचं वाक्य मला पूर्ण ऐकू आलं. बारा वर्षं मी त्याचा अर्धाच भाग ऐकत होते. विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ऑटो काढ अन् हे बांध." ऊन मी म्हणत होतं. मी तो रुमाल डोक्याला गुंडाळला, मोबाइल काढला आणि चालायला लागले.

पुढचंही आठवलं. लोक पळत आले तेव्हा मी कडुलिंबाखाली बसलेली होते. आईने मला छातीशी धरलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एकदम थांबली. तिने तो रुमाल माझ्या डोक्यावरून काढला, मुठीत चुरगाळला आणि पदराखाली घातला. त्यानंतर तो कधीच दिसला नाही. म्हणजे आईला त्याच दिवशी कळलं होतं. बारा वर्षं ती माझ्या ताटात भाकरी वाढत आली आणि एका शब्दाने बोलली नाही.

ब्राझीलच्या त्या बाईने विचारलं होतं, कापड कुठे बांधायचं होतं. मी तिला ऊन सांगितलं होतं.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. माऊलीने सगळा दोष स्वतःवर घेतला होता, तोही लेखी. रुमालाची गोष्ट माझ्याशिवाय फक्त आईला ठाऊक, आणि आई बोलणार नव्हती. मी शेवट बदलला असता, बटण दाबलं गेलं असतं, गुरुवारचं पाणी येत राहिलं असतं. आणि तो जन्मभर म्हणत राहिला असता की मी खाली बघितलं नाही.

मी फोन लावला.

"वाचलं का?" तो म्हणाला. मागे प्रिंटर चालू होता.

"वाचलं."

"आजवर कुणाला बोललो न्हाई म्या. काकूला बी न्हाई. पण ती पोरगी बटण दाबून राह्यली अन् ते दबून न्हाई राह्यलं, हे बघितलं अन् मला घास गिळंना. तुला असं वाटत असंल हे मला कसं ठाऊक असणार? तू मला काय बोलायचं ते बोल. केस कर म्हणलीस तरी मी तयार आहे."

"दादा, थांब."

"सोळा वर्षाचा व्हतो, पण आंधळा नव्हतो ना. दोन पावलं इकडं तिकडं बघितलं असतं तर रुमाल दिसला असता."

"दादा, रुमाल उडाला नव्हता."

"म्हणजे?"

"मी बांधलाच नाही. त्यांनी दिला होता. मी डोक्याला गुंडाळला. लोक आले तेव्हाही माझ्याच डोक्यावर होता. आईने काढला."

प्रिंटर थांबला. कुणी म्हातारी विचारत होती, सातबारा आज निघेल का. आता तो फोन आपटेल, मला शिव्या देईल, असं मला वाटलं. त्याने तसं करावं अशी माझी फार इच्छा होती.

"लाल?" त्याने हळू विचारलं. "बारीक काळ्या चौकटीचा?"

"हो."

"दरसाली नांगरटीला मी त्यो हुडकून राह्यलो, तृप्ते. बांधाला, बोरीत, नाल्यात. लाल चिंधी दिसली की ट्रॅक्टरवरून उतरतो. घरचे म्हणतात, याला याड लागलं. म्हणजे त्यो तिथं नव्हताच."

"नव्हता."

"मंग मी बराबर बघितल्तं," माऊली म्हणाला. आणि मग तो दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने रडायला लागला. म्हातारी विचारत राहिली, काय झालं रे बाबा, कोण गेलं. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. मला ते ऐकायलाच हवं होतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या अभिप्रायाखाली उत्तर लिहिलं, "शेवट चुकीचा होता. दुरुस्त करते." दुरुस्ती तीन दिवसांत झाली. आता बटण पहिल्यांदा दाबताच बंद होतं. लाल कापड पेटीच्या कडीला बांधता येतं. ते कुठे बांधायचं, हे गेममध्ये कुणी सांगत नाही. फक्त तंत्रज्ञाचं वाक्य आता पूर्ण ऐकू येतं.