भिजलेल्या चौंडक्याचा खर्ज

खंडेनवमीच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास, बीडमधल्या एका सभागृहाच्या मागच्या खोलीत वनमालाने मला लाल कापडातून बाहेर काढले, काखेत धरले आणि तात छेडली. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. तिने पुन्हा छेडली. पुन्हा तसाच. बाहेर खुर्च्या भरत होत्या आणि अर्ध्या तासात आमच्या संचाला मंचावर जायचे होते.

मित्रांनो, मी एक जुने चौंडके आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला नवरात्रात देवीची गाणी गाणाऱ्या आराधी बायांच्या काखेत पाहिले असेल. माझे अंग म्हणजे आतून पोखरलेले लाकडी पिंप. त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवलेले, वरचे उघडे. कातड्याच्या मधोमध ओवलेली आतड्याची तात पिंपातून वर येते आणि एका छोट्या लाकडी मुठीला बांधलेली असते. वाजवणारी मला डाव्या काखेत दाबते, डाव्या हाताने मूठ ओढते किंवा सैल सोडते आणि उजव्या हाताने तात छेडते. मूठ ओढली की सूर चढतो, सोडली की उतरतो. माझ्यावर पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. सूर कुठे थांबवायचा हे माझ्यावर कुठेही लिहिलेले नाही.

मला लिंबागणेशच्या बंकट सुताराने घडवले. तो गाड्या करणारा माणूस. एका बैलगाडीसाठी आणलेल्या बाभळीचा तुकडा उरला होता, तोच त्याने माझ्यासाठी कोरला. कातडे रतनबाईच्या घरच्या शेळीचे होते. रतनबाई तेव्हा नव्याने आराधी मेळ्यात जाऊ लागली होती. तिने मला उचलून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"बंकटतात्या, हे लई जड हाय. काख मोडंल माझी."

"मंग नवऱ्याला धरायला सांग अन् तू नुसती गा," बंकट म्हणाला.

रतनबाईने मला स्वतःच धरले. पुढची कितीतरी नवरात्रे मी तिच्या काखेत काढली. गावोगाव मेळा फिरला, देवीची गाणी झाली, पोतांचे पलिते पेटले, विझले. बाया म्हणत, रतनबाईचं चौंडकं माणसागत बोलतंय. मला ते खरे वाटे. तुम्हालाही कुणी असे म्हटले तर खरे वाटेल.

नंतर मेळ्यात ध्वनिवर्धकाचे मोठे कर्णे आले. त्यांच्यामागून एक यंत्र आले, ज्याचे बटण दाबले की ढोलही वाजे आणि माझ्यासारखाच आवाजही येई. रतनबाईचा डावा खांदा आखडला, हात वर होईना. तिने मला शेळ्यांच्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवले. शेजारी विळे आणि केस कातरायच्या कात्र्या टांगल्या होत्या. त्यांना रोज काम होते, मला नव्हते. माझ्या मुठीला बांधलेला गोंडा एका करडाने चावून खाल्ला. तक्रार कुणाकडे करणार? करडू कुणाचे ऐकत नाही.

मला खाली काढले ते रतनबाईच्या लेकीने, वनमालाने. ती भावाबरोबर मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर रोज सकाळी दूध घालायला जात असे. दूध मोजून रिकाम्या कॅन परत मिळेपर्यंत तिथे थांबावे लागे. त्या वेळात करायचे काय म्हणून तिने मला सोबत न्यायला सुरुवात केली. बाजेवर बसून ती माझी तात छेडी. गाणे कुठलेच नसे. घाटातून ट्रक चढताना इंजिनाचा सूर बदलतो, त्याच्यामागे ती मूठ ओढत जाई आणि ट्रकने वळण घेतले की सैल सोडी.

एका सकाळी लग्नाचा बँड घेऊन निघालेला टेंपो तिथे चहासाठी थांबला. त्यातून उतरलेला ट्रंपेटवाला परमेश्वर बराच वेळ कपबशी हातात घेऊन उभा राहिला. चहा निवून गेला.

"ताई, हे काय वाजवायलीस?"

"म्हाईत न्हाई. हात जाईल तिकडं."

"आरतीत असंच वाजवत्यात का?"

"आरतीत असं वाजवलं तर माय हाणंल मला."

परमेश्वर हसला. "ह्याला जॅझ म्हणत्यात."

"ह्याला चौंडकं म्हणत्यात," वनमाला म्हणाली.

मित्रांनो, जॅझ म्हणजे काय हे मला त्याच सकाळी कळले, कारण परमेश्वरने टेंपोतून ट्रंपेट काढला आणि तो आमच्याबरोबर वाजवू लागला. एक साधी चाल घ्यायची. ती सगळ्यांना कळली की वाजवता वाजवता मोडायची. एकाने मोडली की दुसऱ्याने सावरायची, मग दुसऱ्याने मोडायची. काय येणार हे आधी ठरलेले नसते, म्हणून सगळ्यांनी एकमेकांचे ऐकावे लागते. परमेश्वर वर्षानुवर्षे वरातीत ठरलेली गाणी वाजवत होता आणि दोन वरातींच्या मध्ये मोबाइलवर हे परदेशी संगीत ऐकत होता. ते ज्याच्याबरोबर वाजवावे, असा माणूस त्याला मिळाला नव्हता.

त्याच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला आणि एक ताशेवाला तयार झाले. वनमाला आणि मी चौथे. या संगीतात खालचा सूर धरून चालणारे एक जाड तारांचे वाद्य लागते, बाकीचे त्याच्या खांद्यावर उभे राहतात. आमच्याकडे ते नव्हते. ते काम माझ्याकडे आले.

परवानगी रतनबाईची घ्यावी लागली.

"देवीचं वाद्य वरातीत न्यायचं न्हाई," ती म्हणाली.

"वरात न्हाई माय. जॅझ हाय."

"त्यात लगीन कुणाचं असतंय?"

"कुणाचंच न्हाई."

"मग जा."

एवढ्यावर ते मिटले. बीडच्या बँडच्या गोदामात, पताका आणि झुंबरांच्या दिव्यांमध्ये, आमची तालीम होऊ लागली. छोटे कार्यक्रम झाले. गेवराईला एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मुलांनी आधी हुर्यो उडवली आणि नंतर आम्हाला उतरू दिले नाही. मग पुण्याच्या एका जॅझ महोत्सवाची माणसे मराठवाड्यातले संच ऐकायला बीडला येणार असल्याचे कळले. एक संच निवडायचा होता. सभागृह त्यांना मिळाले ते नेमके खंडेनवमीला.

महोत्सवाचे आयोजक विजयसिंह तालमीला येऊन गेले होते. सभ्य माणूस, पण घाईचा. त्यांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले. "वनमालाताई, याच्यावर किती सूर निघणार? अडचण आली तर माझ्याकडे गिटारवाला तयार आहे. संच तोच राहील, तुम्ही पुढच्या वेळी." वनमालाने मला त्यांच्या हातातून परत घेतले. पण त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होते की मी बोलले नाही तर संच पुण्याला जाईल आणि ती लिंबागणेशला.

आता खंडेनवमीचे सांगते. त्या दिवशी घरातली हत्यारे, अवजारे धुऊनपुसून देवीपुढे मांडतात. विळे, खुरपी, कात्र्या, कुऱ्हाड आणि मी. दुपारी नैवेद्य दाखवेपर्यंत त्यातले काही उचलायचे नाही, अशी या घरची रीत. वनमाला पहाटेच तालमीसाठी बीडला गेली. मला दुपारनंतर रतनबाई आणि सून मोहिनी जीपने घेऊन येणार होत्या. इतकी वर्षे माझी पूजा रतनबाई करी. बोटभर हळद कातड्याच्या कडेला, कुंकवाचा ठिपका लाकडावर, झाले. यंदा खांद्यामुळे ती वाकू शकत नव्हती, म्हणून पूजा मोहिनीने केली. मोहिनी मनापासून करणारी. मी देवीच्या कामाचे, आज मोठ्या कामाला निघालेले. तिने मला ताम्हनात ठेवले आणि दूध, दही, तूप, मध, साखर यांनी न्हाऊ घातले. मग कोमट पाण्याने धुतले, पुसले, हळद माखली आणि लाल कापडात घट्ट गुंडाळले. ते कापड उघडले सभागृहात.

"वैनी, ह्याला काय केलं?" वनमालाने विचारले.

"पंचामृत घातलं वन्स. देवाच्या टाकाला घालते तसंच."

"टाक चांदीचा हाय गं. ह्याचं तोंड कातड्याचं हाय."

मोहिनी रडायला लागली. रतनबाई खुर्चीत बसली होती, तिने माझ्या कातड्यावरून बोट फिरवले. "गप गं तू. ही शेळी जित्ती हुती तवा बी पाण्याला भ्यायची," ती म्हणाली आणि खोलीतली सगळी माणसे नको त्या वेळी हसली.

मला शेकायला हवे होते. सभागृहात जाळ करायला बंदी. परमेश्वरने मला मंचावरच्या दिव्यांसमोर धरले, पण हल्लीचे दिवे नुसता उजेड देतात, ऊब देत नाहीत. शेवटी वनमाला मला घेऊन रस्त्यावर धावली. सभागृहासमोर भज्यांचा गाडा होता. गाडेवाल्याने एकदा तिच्या नऊवारीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"तळायचं का हे?"

"नुसतं शेकायचं. लांबून."

त्याने कढई बाजूला घेतली. वनमाला मला शेगडीवर हातभर उंच धरून हळूहळू फिरवत राहिली. कातड्यातून दुधाचा करपट वास निघू लागला. जुने भिजलेले कातडे एकदम तापवले तर तडकते, त्यामुळे तिला घाई करता येईना. आत पहिल्या संचाचे वादन संपल्याच्या टाळ्या ऐकू आल्या. तिने तात छेडली. ओल्या पोत्याचा आवाज गेला होता, पण माझा नेहमीचा सूरही आला नव्हता. आला तो त्याच्या कितीतरी खालचा. जाड, लांब, छातीत उतरणारा.

ती परतली तेव्हा विजयसिंह दारातच उभे होते. गिटारवाला त्यांच्यामागे वाद्य गळ्यात अडकवून तयार होता. "ताई, निर्णय आत्ता घ्यावा लागेल," ते म्हणाले.

परमेश्वर पुढे झाला. "घेतला की. समदे खाली उतरतो आमी."

"खाली म्हणजे?"

"हिच्या चौंडक्याच्या सुरावर. वाजवू सावकाश. आमाला काय वरातीत धावायचंय?"

विजयसिंहांनी घड्याळ पाहिले, गिटारवाल्याकडे पाहिले आणि ते बाजूला झाले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी आम्ही तालमीतले जवळजवळ काहीच वाजवले नाही. सुरुवात माझी होती. वनमालाने मूठ सैल धरली आणि एकच सूर छेडला. तो सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि कुजबुज थांबली. मग तिने मूठ ओढायला सुरुवात केली. कातडे सैल असल्यामुळे सूर तुटत नव्हता, घाट चढणाऱ्या गाडीसारखा एका दमात वर जात होता. मी इतक्या वर्षांत असा आवाज काढला नव्हता. परमेश्वरचा ट्रंपेट माझ्या मानाने फार चढा होता, म्हणून त्याने पाणी प्यायचा स्टीलचा पेला त्याच्या तोंडावर धरला आणि त्या पेल्याआडून तो माझ्याशी बोलू लागला. क्लॅरिनेटने त्याची चाल मोडली, मी सावरली. मी मोडली, ताशाने नुसत्या बोटांनी सावरली.

मधे एका जागी तिघेही थांबले आणि वनमाला एकटी राहिली. तिने रतनबाईची आरतीची लय घेतली, तिच्यातला एक ठोका गाळला आणि त्या गाळलेल्या जागेत माझा सूर खाली सोडला. पहिल्या रांगेतून रतनबाईचा आवाज आला, "आगं आई!" तिच्या शेजारचे अनोळखी गृहस्थ हसले आणि टाळी देऊ लागले. मग टाळी मागच्या रांगांपर्यंत गेली, नेमकी त्या गाळलेल्या ठोक्यावर. ती कुणी शिकवली नव्हती.

वादन संपले तेव्हा लोक उभे होते. मोहिनी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ उभी होती. निकाल तिथेच सांगितला गेला, आमचा संच पुण्याला. विजयसिंह मागच्या खोलीत आले आणि त्यांनी वनमालाला नमस्कार केला. "गिटार सोबत आणू नका," ते म्हणाले. "आणि आवाज हाच हवा."

"त्यासाठी आमच्या वैनीला आणावं लागंल," वनमाला म्हणाली. "पंचामृताच्या पाच वाट्या घेऊन."

त्यानंतर आमच्या सगळ्या चाली त्या खालच्या सुरासाठी नव्याने बसवल्या गेल्या. लिंबागणेशला मेळ्यातल्या बाया मला पाहायला येतात. घरात माझी जागा आता गोठ्यात नाही, पुढच्या खोलीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने वाद्य असेल. माळ्यावर, कपाटामागे, खुंटीला. त्याला हळदीकुंकू लावा, नमस्कार करा, पण ओल्या हाताने धरू नका आणि वर्षभर विसरू नका. त्याला वाजवा. चुकीचे वाजले तरी चालेल. मुके राहून आम्ही जितके खराब होतो तितके चुकीच्या हातांनी होत नाही. आणि कुणी मनापासून पण चुकून आमचे नुकसान केले, तर त्या माणसावर रागावण्याआधी एकदा तात छेडून पाहा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दिवाळीनंतर माझ्या कातड्यावर, तात ओवलेल्या छिद्राशेजारी, केसाएवढी भेग दिसू लागली. ती वाढते आहे. काल वनमाला मला गेवराईला कातडे मढवणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने मला उजेडात धरून पाहिले. जुने कातडे पुण्याच्या कार्यक्रमापर्यंत टिकेल का, हे त्याला सांगता येत नाही. नवे चढवले तर ते पक्के बसेल, पण हा आवाज त्यातून निघेल का, हेही त्याला सांगता येत नाही. नवे कातडे सुकायला वेळ लागतो, म्हणून त्याने वनमालाला उद्या सकाळपर्यंत काय ते कळवायला सांगितले आहे. परमेश्वर म्हणतो, बदल. रतनबाई म्हणते, राहू दे. वनमालाने मला काखेत धरले आहे आणि ती तात छेडून पाहते आहे.