यानिसचा डबा

सील्सचा तो सगळा सीझन एका सत्यनारायणाने बुडवला, हे शिरीष खांबेटे मरेपर्यंत कबूल करणार नाही. त्याला विचाराल तर तो करोनाचं नाव घेईल, कोच हांकच्या डावपेचांना नावं ठेवेल, रिकाम्या स्टँडबद्दल बोलत बसेल. देवाला दोष देता येत नाही आणि स्वतःला द्यायची त्याला सवय नव्हती.

सील्स म्हणजे रॉटरडॅमचा बर्फावरच्या हॉकीचा व्यावसायिक संघ. आणि शिरीषचा मुलगा राजस त्या संघाचा दुसरा गोलकीपर. पुण्याच्या नातेवाइकांना हा खेळ समजावून सांगण्यात शिरीषची दहा वर्षं गेली होती. ‘म्हणजे ते बर्फावर गोल गोल नाचतात तेच ना?’ असं त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने विचारलं, तेव्हापासून त्याने मेव्हण्याला खेळाचे व्हिडिओ पाठवणं बंद केलं. रॉटरडॅमला लागून असलेल्या, ते राहायचे त्या कापेलमधल्या बाकीच्या आयटीवाल्यांची मुलं क्रिकेट आणि बुद्धिबळ शिकत होती, तेव्हा हा गृहस्थ अंधारात उठून लेकाला रिंकवर नेत असे आणि तिथल्या गारठ्यात थर्मासमधला चहा पीत बसत असे. पोराला खेळाची आवड होती हे खरं. पण बापाला हौस होती आणि ती पोराच्या आवडीपेक्षा चार बोटं जास्तच होती.

दुसरा गोलकीपर म्हणजे काय, तर बाकाच्या टोकाला बसायचं आणि आत-बाहेर करणाऱ्यांसाठी दार उघडायचं. शिरीषला ते दार डोळ्यांत खुपायचं. गोलमध्ये उभा राहायचा तो यानिस. लॅटव्हियाचा, पस्तिशीला टेकलेला, गुडघ्यांची वाट लागलेला, पण खेळाच्या अकलेत अजून कुणालाही हार न जाणारा. त्याने राजसला हाताशी धरून शिकवलं होतं. सरावानंतर सगळे आंघोळीला गेले की हा मागे थांबायचा आणि या खेळात चेंडूऐवजी असते ती काळी रबरी चकती राजसवर पुन्हा पुन्हा मारायचा. शिरीष मात्र घरी त्याला ‘म्हातारा’ म्हणायचा. म्हातारा कधी बाजूला होतोय, एवढाच त्याचा प्रश्न.

२०२१च्या डिसेंबरात म्हाताऱ्याची मांडी धरली. सील्स तेव्हा लीगमध्ये दुसरे होते, प्रेक्षकांना बंदी होती आणि हांकने सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी गोलमध्ये राजस. शिरीषने त्याच दिवशी आल्मेरे गावात राहणाऱ्या नीळकंठला फोन लावला. नीळकंठ हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, नोकरीने प्रोजेक्ट मॅनेजर, पण पोथी सुरेख वाचायचा. अख्ख्या नेदरलंड्समधल्या ओळखीच्या मंडळींचे सत्यनारायण तोच सांगत असे.

“रविवारी ये. पोराच्या पहिल्या मॅचचं आहे,” शिरीष म्हणाला.

राजस तेव्हा जेवत होता. चमचा खाली ठेवून म्हणाला, “बाबा, नो गेस्ट्स. क्लबचा रूल आहे. घरी कुणीच नाही. आय साइन्ड इट.”

“सरकार चार माणसांना परवानगी देतंय.”

“क्लब नाही देत.”

“अरे, नीळकंठ काय गेस्ट आहे? घरचाच आहे.”

या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आपल्याकडे घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे विषाणूने ठरवायचं नसतं, यजमानाने ठरवायचं असतं. मंजूषा, म्हणजे राजसची आई, एवढंच म्हणाली, “व्हिडिओ कॉलवर करू या ना पूजा.” त्यावर शिरीषने तिच्याकडे असं पाहिलं की ती रवा भाजायला उठून गेली.

रविवारी नीळकंठ बायकोसह आला. घसा जरा बसला होता, पण पोथी वाचून वाचून बसतोच, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी ते मानलं. खिडक्या बंद होत्या, हीटर चालू होता, पाचही अध्याय तब्येतीत झाले. राजस सरावाहून आला तो मास्क लावूनच दारात उभा राहिला. “देवासमोर मास्क? काढ तो आधी,” शिरीष म्हणाला. नीळूकाकांनी त्याला शेजारी बसवलं, हातावर तीर्थ दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि बर्फावरची हॉकी म्हणजे नक्की काय हे विचारून घेतलं.

मंजूषाने शिऱ्याचा एक स्टीलचा डबा भरला. “हा तुझ्या यानिसला दे. त्याची मांडी दुखतेय ना.”

“आई, तो नाही खाणार. अँड वुई आर नॉट सपोज्ड टु...”

“प्रसादाला नाही म्हणत नाहीत,” शिरीष म्हणाला. “दे त्याला. तुझा गुरू आहे.” म्हाताऱ्याला गुरूपदावर चढवायला त्याला आता काही हरकत नव्हती.

यानिसने सोमवारी सगळा शिरा खाल्ला. डबा कुणाचा म्हणून विचारलं. राजसने गंमत म्हणून सांगितलं, की आमच्याकडे असा डबा रिकामा परत करत नाहीत. यानिस हसून म्हणाला, बघतो मग काय घालायचं ते.

बुधवारी नीळकंठचा फोन आला. दोघं नवराबायको पॉझिटिव्ह. “तुम्ही पण बघून घ्या रे,” तो खोकत म्हणाला.

राजसने घरातली टेस्ट केली, एकच रेघ आली. तरी तो फोन हातात घेऊन उभा राहिला. “आय हॅव टु टेल हांक.”

“काय सांगणार? निगेटिव्ह आहेस तू.”

“बाबा, नीळूकाका पॉझिटिव्ह आहेत. मी बाजूला बसलो होतो.”

“सांगितलंस की तुला घरी बसवतील. शनिवार गेला. मग परत दार उघडत बस आयुष्यभर.” आणि मग शिरीषचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज फार वाईट. “फक्त शनिवारपर्यंत थांब. मी काय आणखी मागतोय?”

राजस थांबला. वीस वर्षांचा पोरगा, रोज मास्क लावून सरावाला जायचा, पण मैदानावर आणि कपडे बदलताना कुणी मास्क लावत नसे. यानिस रोज त्याच्या शेजारी बसून त्याचे पॅड घट्ट बांधून द्यायचा. इकडे शुक्रवारपर्यंत शिरीष आणि मंजूषा दोघंही खोकायला लागले होते. शिरीष म्हणाला, हवा बदललीये.

शनिवारची मॅच सील्सनी जिंकली. राजसने अशक्य वाटणारे फटके अडवले. शिरीष लॅपटॉपसमोर घसा बसलेला असूनही ओरडत होता आणि मंजूषा देवापाशी साखर ठेवून आली. त्या घरातला तो शेवटचा आनंद.

रविवारी यानिसला ताप भरला. सोमवारी क्लबने सगळ्यांच्या टेस्ट केल्या तर अर्धा संघ पॉझिटिव्ह, राजससुद्धा. पहिला आजारी कोण, याची चौकशी सुरू झाली. त्या संध्याकाळी राजस जेवणाच्या टेबलाशी बसलेला असताना यानिसचा फोन आला. राजसने तो स्पीकरवर टाकला. यानिसचा श्वास लागत होता.

“तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?” तो मोडक्या इंग्रजीत विचारत होता. “क्लब म्हणतोय मीच आणला. मी तर कुठेच गेलो नाही. एकदा फक्त कॉफी घेतली होती, ती पण बाहेर टेबलावर, गेल्या आठवड्यात. कुणी आलं होतं का तुमच्याकडे? आजारी होतं का कुणी?”

राजसने बापाकडे पाहिलं. शिरीषने नुसता हात हलवला, आपण भाजीवाल्याला नको म्हणताना हलवतो तेवढाच.

“नो,” राजस म्हणाला. “एव्हरीवन इज फाइन.”

फोन ठेवल्यावर मंजूषा ताटावरून उठून गेली. राजसने आपलं ताट पुढे सारलं. मग म्हणाला, “आपण खोटं बोललो.”

“मी कुठे काय बोललो?” शिरीष म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. यानिसचा कॅफेबाहेरचा फोटो कुणीतरी क्लबला पाठवला. शिस्त मोडली म्हणून त्याचा करार रद्द झाला. पस्तिशीच्या, गुडघे गेलेल्या गोलकीपरला हंगामाच्या मध्यावर कोण घेणार? तो बायकोमुलीला घेऊन लॅटव्हियाला निघून गेला. आणि सील्सचा पहिला गोलकीपर झाला राजस खांबेटे. शिरीषने ही बातमी कापेलच्या, पुण्याच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकली. मेव्हण्याने अंगठा पाठवला.

मग सील्स हरायला लागले. आधी अर्धा संघ घरी होता म्हणून हरले, नंतर सगळे बरे होऊन आले तरी हरले. राजसच्या पायांमधून, खांद्यावरून, हातमोज्याला लागून चकती आत जायची. रिकाम्या हॉलमध्ये ती जाळीला लागल्याचा आवाज लॅपटॉपवरही स्पष्ट ऐकू यायचा. शिरीष पडद्याला शिव्या द्यायचा, हांकला द्यायचा, बचावफळीला द्यायचा. राजस घरी यायचा, ताट उचलून आपल्या खोलीत जायचा. बापाने मराठीत काही विचारलं की तो डचमध्ये उत्तर द्यायचा, आणि तेही एका शब्दात.

“अरे, दडपण आहे त्याच्यावर,” शिरीष म्हणायचा.

“दडपण नाहीये ते,” मंजूषा म्हणाली. “लाज आहे.” त्यानंतर तीही फारशी बोलेनाशी झाली.

दुसऱ्या नंबरवरचा संघ तळाला गेला. बाद फेरीची आशा फेब्रुवारीतच संपली.

मार्चमधली शेवटची मॅच रविवारी दुपारी होती आणि निर्बंध उठल्यामुळे प्रेक्षकांना सोडलं होतं. शिरीष सगळ्यात आधी जाऊन बसला. या एका दिवसासाठी तो दहा-बारा वर्षं गारठ्यात बसला होता, भरलेला हॉल आणि गोलमध्ये आपला पोरगा. हॉल भरला. तिसरा गोल आत गेला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाचव्याला कुणीतरी एक नाव ओरडलं आणि मग सगळा स्टँड तालात टाळ्या वाजवत ते नाव घ्यायला लागला. यानिस, यानिस, यानिस. शिरीषच्या शेजारचा एक डच आजोबा, गळ्यात सील्सचा मफलर, त्याच्याकडे वळून म्हणाला, “त्या माणसाला घालवायला नको होतं.” शिरीषने मान डोलावली. दुसरं काय करणार होता तो?

राजस मॅचनंतर गाडीतून आला नाही, सायकलने आला. दोघं वाट बघत जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तो आला, जाकीटही न काढता समोर बसला आणि पाठीवरच्या बॅगेतून स्टीलचा एक डबा काढून टेबलावर ठेवला.

मंजूषाने तो लगेच ओळखला. “हा कुठे होता इतके दिवस?”

“माझ्या लॉकरमध्ये. यानिस जाताना ठेवून गेला.” आणि मग, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, तो सलग मराठीत बोलायला लागला. थांबत थांबत, शब्द शोधत, पण मराठीतच. “मी रोज पॅड बांधताना हा डबा समोर दिसायचा. मी उघडला नाही. आज सकाळी मी हांकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आजची मॅच खेळ, दुसरा कुणी नाहीये, आणि उद्यापासून येऊ नकोस. मग मी यानिसला फोन केला.”

“काय गरज होती?” शिरीष उसळला. “आता सांगून काय मिळवलंस? सीझन तर गेलाच होता. आता तू पण गेलास!”

“हो,” राजस म्हणाला.

“काय म्हणाला यानिस?” मंजूषाने विचारलं.

“काहीच नाही. ऐकून घेतलं. मग त्याची मुलगी मागे काहीतरी मागत होती, त्याने फोन ठेवला.”

राजसने डब्याचं झाकण काढलं. आत गायीचं चित्र असलेल्या कागदात गुंडाळलेल्या टॉफ्या काठोकाठ भरल्या होत्या. वर एक चिठ्ठी, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, तुझ्या आईला. त्याने एक टॉफी उचलली, कागद सोडवला आणि ती बापासमोर टेबलावर ठेवली.

“नको मला,” शिरीष म्हणाला.

“घे बाबा. प्रसादाला नाही म्हणत नाहीत.”

तो समोर बसून राहिला. मंजूषाही बसून राहिली, मधे पडली नाही. शेवटी शिरीषने ती टॉफी तोंडात घातली. तीन महिन्यांत ती दगडासारखी कडक झाली होती. चावता येईना आणि दोघं बघत असताना थुंकताही येईना.