झुडपांच्या शेजारी उभा माणूस

आमच्या ह्यांना गेल्या वर्षीही फोटोत उभं राहायचं होतं. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं, म्हणजे हे पडणार हे ठरलेलंच.

समुद्रकाठच्या उद्यानात कुठली वनस्पती कुठवर पसरली आहे, याची नोंद ठेवायचं काम आम्हा नवराबायकोकडे. पाण्याकडून आत चालत गेलं की आधी वाळूवर लोळणारी वेल, मग ताठ गवत, मग झुडपं आणि टेकाडामागे, खारा वारा पोचत नाही तिथे, मोठी झाडं. एका घरातल्या जावांसारखं ज्याने त्याने आपलं आपलं राखलेलं.

झुडपांच्या पट्ट्यात सिमेंटचा एक खुंट पुरलाय. त्यावर कॅमेरा ठेवून दर वर्षी मी तोच फोटो काढते. उंची कळावी म्हणून झुडपांशेजारी पट्टे रंगवलेली काठी उभी करायची असते. आमची काठी एका भरतीत वाहून गेली. नवी मागवली, ती काही येईना. तेव्हा हे म्हणाले, मी उभा राहतो, माझी उंची कुठे पळून चाललीय? त्या दिवसापासून ऑफिसात ह्यांचं नाव 'काठी' पडलं. चहाच्या वेळी कुणीतरी हटकून विचारायचं, काठी आली का?

फोटोवरून उंची काढायच्या त्या आमच्या संशोधक बाई. आधी झुडपांचे शेंडे ह्यांच्या खांद्याशी होते, मग हनुवटीशी आले, त्यानंतर कानाशी. खरं तर खारा वारा तिथे शेंडे छाटूनच ठेवतो. पण वारा मंदावला असेल, असं बाईंनी अहवालात लिहिलं आणि सगळ्यांना चहा पाजला. हे तर फुशारकीच मारत सुटले, माझ्या शेजारी कुणीही वाढतं म्हणून. मी म्हटलं, मी नाही वाढले. तर म्हणे, आडवी वाढलीस की.

मग पाठ धरली. कुशीवर वळताना हे दात आवळायचे. मणके आतून पोखरले गेलेत, बरीच वर्षं चाललं असावं, असं डॉक्टर म्हणाले. उंची विचारली, ह्यांनी रुबाबात सांगितली. नर्सने भिंतीशी उभं करून मोजली तर चांगली वीतभर कमी. तुमची पट्टी चुकतेय, असं हे तिलाच म्हणाले. पुढच्या उपचारांचं विचारलं तेव्हा डॉक्टर ह्यांच्याऐवजी माझ्याकडे बघून बोलू लागले, त्यातच मी काय ते समजले.

परतीच्या बसमध्ये हे आमचा थांबा जवळ आल्यावर म्हणाले, "झुडपं वाढलीच नाहीत गं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ह्यांना मात्र वेगळीच काळजी. अहवाल चुकलाय, बाईंना सांगायला हवं. नवी काठी एव्हाना आली होती. तिच्या शेजारी एकदा उभं राहायचं, म्हणजे चूक कुठे झाली ते फोटोतच दिसेल. बाई घरी येऊन बसल्या, डोळे पुसत नको नको म्हणाल्या. हे ऐकतात होय?

वाळूतून माझ्या खांद्यावर हात टाकून आले. ह्यांच्या अंगात वजन असं उरलंच नव्हतं. काठी रोवली, एका हाताने ती धरून हे उभे राहिले, आणि मी हात सोडून खुंटापाशी गेले. शेंडे कानाच्याही वर दिसत होते. काठीवर मात्र पहिल्या वर्षी होते तिथेच.

"अहो, जरा ताठ," सवयीने तोंडातून गेलं.

"आहे तसाच काढ," हे म्हणाले. "नाहीतर परत चुकेल."

काढला.

यंदा मी एकटीच गेले. बाईंनी सोबतीला येते म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. झुडपं तेवढीच आहेत. काठी वाळूत रोवली की आपली आपण उभी राहते. तरी कॅमेऱ्यामागे गेल्यावर मी थोडा वेळ थांबले, कुणीतरी काहीतरी चेष्टा करेल म्हणून. मग फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'उंचीत बदल नाही.'