सापळ्याचा फोटो

माहा सोभाव तिखट हाये, हे अख्ख्या मोताळ्याले ठाऊक हाये. त्या दिवशी सकाळी टीव्हीवर हल्ल्याची बातमी पाह्यली. मेलेल्या जवानाची लहानशी पोरगी दाखवली अन् माहं डोकंच फिरलं. आमचा कास्तकारायचा बोंडअळीचा ग्रुप हाये, कोणाच्या सापळ्यात किती पतंग आले ते रोज टाकतो आमी. तिथं मी लिवलं, त्या लोकायच्या दुकानातून आता काईच घेऊ नका. वर माहं नाव, सत्यभामाबाई. दहा मिनिटात चाळीस अंगठे आले. मले बरं वाटलं, खोटं काहाले सांगू.

दुपारी त्याच ग्रुपवर एक फोटो आला. रहेमतुल्लाभाई वावराच्या धुऱ्यावर उभे, हातात तार, बासाच्या काठीले काईतरी बांधून राह्यले. खाली लिवलं होतं, वावरात कोणतं यंत्र लावून राह्यला हा, पकडा याले.

हा फोटो मीच काढला होता, श्रावणात, माह्याच वावरात. रहेमतुल्लाभाई सापळे विकतात, अन् दर तीन हप्त्याले सोता येऊन त्यातली पतंग वढणारी गंधाची गोळी बदलून देतात. सापळा कपाशीच्या पऱ्हाटीच्या वर हातभर कसा बांधावा, हे दाखवाले मी तो टाकला होता. कोणीतरी फोटोतला सापळा कापून तेवढा माणूस अन् तार ठेवली होती.

मी लिवलं, फोटो माहा हाये, हा बोंडअळीचा सापळा हाये. लगेच उत्तर आलं, "बाई, सकाळी तं तुमीच म्हटलं." सकाळचं मी पुसलं. पण तवरक ते ग्रुपाग्रुपातून खामगावले जाऊन आलं होतं.

माहे दीर सहदेव धावत आले. "वयनी, आज बाजार हाये. भाई बसस्टँडपाशी बसले असतीन. पोट्टे तिकडंच गेले."

"भाऊजी, गाडी काढा," म्हटलं, अन् वावरातला एक सापळा बासासकट उपटून घेतला.

बसस्टँडवर वीस-पंचवीस जण होते. भाईची टोपी चिखलात पडली होती अन् एकानं त्यायची कॉलर धरली होती. मी मधात घुसली, सापळा वर केला. "हे घ्या यंत्र. तुमच्या बापाच्या वावरात बी लटकलं हाये, जाऊन पाहा."

कॉलरवरचा हात ढिला झाला. तं दुसऱ्यानं माहं सकाळचं लिवलेलं उघडून मोबाईल माह्या तोंडापुढं धरला. "मंग हे कोणं लिवलं?"

"मी लिवलं," म्हटलं. "माही चूक झाली."

एकेक जण निंघून गेला. माफी कोणंच मांगतली नाई. रहेमतुल्लाभाईनं सांडलेल्या गोळ्या येचल्या, टोपी झटकली, अन् एक पुडकं माह्या हातात देलं.

"बाई, तुमच्या गोळ्या बदलाची तारीख आज होती. आता तुमीच बदलून घ्या. मी कोणाच्या वावरात पाय नाई ठेवत. कोणी फोटो काढीन."

कोणी काढला होता, ते त्यायले ठाऊक होतं.