गोजरबाईच्या बाभळीचा सज्जा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी सज्जा आहे. पण माझ्या मागे ना घर आहे, ना मजला. ज्या रस्त्याकडे मला डोकावायचे होते, तो तर सातासमुद्रापार राहिला. पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात, सहादू सुताराच्या पडवीत मी भिंतीला टेकून उभा आहे. येणारे-जाणारे माझी नक्षी पाहून वाहवा करतात, आणि सहादू तेवढ्यापुरता उठून आत जातो. का ते सांगतो.

माझे लाकूड गोजरबाई आणि कचरू यांच्या बांधावरच्या बाभळीचे. हे जोडपे दरवर्षी दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला जायचे. त्यांची गाडी पार मोडली होती, म्हणून नव्या गाडीसाठी त्यांनी ती बाभूळ तोडून सहादूच्या अंगणात आणून टाकली. आमच्याकडे रीतच अशी, लाकूड शेतकऱ्याने द्यायचे आणि सुताराने घडवायचे. वाळेपर्यंत ओंडके सुताराच्या दारात पडून असतात. त्यांवर मालकाची गेरूची खूण असते आणि एकाच्या ओंडक्याला दुसऱ्याच्या कामासाठी हात लावायचा नसतो. मला वाटायचे, आपण चाक होणार, मुलूख पाहणार.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. शेतेच पडीक, तर नांगर दुरुस्तीला कोण येणार? सहादूची हत्यारे गंजू लागली. अशात एक दिवस दारात जीप थांबली. उतरले ते राधाकृष्णसाहेब. मूळचे राहात्याचे, मुंबईत सिनेमे काढायचे. त्यांचा नवा सिनेमा पेरू देशाच्या राजधानीत, लिमा शहरात घडणार होता. पेरू नावाचा देश असतो, हे ऐकून सहादूला हसू आवरेना! साहेबांनी फोटो दाखवले. समुद्राकाठचे जुने शहर, आणि घराघराला कोरीव लाकडी सज्जे. रस्ते आणि समुद्र तिकडे जाऊन टिपायचे, पण नायिकेची सज्ज्यातली दृश्ये इथेच उरकायची, असा बेत होता. लिमाला पाऊस जवळजवळ पडतच नाही, भोवतीचे डोंगर उघडेबोडके. आमचे डोंगर त्या साली तसेच होते.

"दसऱ्याच्या आत सज्जा हवा, सहादूभाऊ. जमेल?" साहेबांनी विचारले.

सागवान आणायला वेळ नव्हता. सहादूची नजर माझ्यावर आली. गोजरबाई आणि कचरू तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते.

"जमतंय की," सहादू म्हणाला.

सिनेमाच्या पैशातून तिला दुसरे लाकूड आणू, असे त्याने मनाशी ठरवले. गेरूची खूण रंध्याखाली निघून गेली. बाभूळ कठीण, पटाशीची धार सारखी जायची, पण सहादूने जीव ओतला. माझ्या अंगावर वेली उमटल्या, जाळी उमटली. सारा गाव बघायला लोटला. खोटे कशाला बोलू, मीही फुगलो.

साहेब आले, उन्हात माझे फोटो काढले, "अप्रतिम" म्हणाले आणि गेले. जीप पुन्हा आलीच नाही, पैसेही नाहीत. परदेशी जायचा बेत बारगळला, असा निरोप तेवढा एसटीच्या कंडक्टरकडून आला.

दिवाळी झाली आणि गोजरबाई दारात उभी राहिली.

"भाऊ, मुकादमाचा सांगावा आलाय. झाली का गाडी?"

सहादूने माझ्याकडे बोट दाखवले. "वैनी, तुमचीच बाभूळ हाय ही. म्या लई चुकलो."

तिने माझ्या जाळीवरून हात फिरवला. "मंग मोडून कर की गाडी."

"न्हाई व्हत. पातळ फळ्या झाल्यात. ह्याचं चाक न्हाई व्हनार."

ओल्या लाकडाची गाडी वाटेतच तडकली असती, आणि वाळलेले लाकूड गावात होते ते दुसऱ्यांचे. ती ओरडली असती तर बरे झाले असते. "आमी डोक्यावर मोळ्या वाहू," ती म्हणाली, "पर बैलांचं काय?" गाडीबरोबर बैल गेले असते, तर फडावर त्यांना उसाचे वाढे मिळाले असते. गावात काडी चारा नव्हता. तिने दोन्ही बैल बाजारात मातीमोलाने विकले आणि नवऱ्यामागे पायी निघून गेली.

पुढच्या सालापर्यंत सहादूने पोटाला चिमटा काढून लाकूड मिळवले आणि गाडी केली. तिची चाके मी पडवीतून पाहत होतो. जे मला व्हायचे होते, ते ती झाली होती. सहादू ती स्वतः ओढत गोजरबाईच्या दारात घेऊन गेला. परत आला तो माझ्याशेजारी खाली बसला आणि बायकोला म्हणाला, "वैनी म्हनली, लई देखनी झालीया भाऊ. पर आता हिला काय जुंपू?"

मित्रांनो, मला पुसा, वाळवीपासून वाचवा, असे मी मागत नाही. तुमच्या दारात कुणी विश्वासाने काही ठेवून गेले असेल, तर एवढेच करा. ते ज्याचे आहे, त्याच्यासाठी ठेवा.