चौतीस लाल दोरे

मी चुका शोधते. पगार मला त्याचाच मिळतो.

स्वेटरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मला एकवीस वर्षं झाली. टेबल काचेचं, काचेखाली दिवा. स्वेटर त्यावर पसरायचा, आत हात घालून ताणायचा आणि सुटलेला टाका, सैल पडलेली ओळ, वर आलेली गाठ, काही दिसलं की तिथे लाल दोरा अडकवायचा. तीनपेक्षा जास्त दोरे झाले की माल परत. विणणाऱ्या बायका मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठ फिरली की सासू. मला माहीत आहे ते. खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोराच होता. माझ्या हाताखालून गेलेला माल आजवर एकदाही उलट आलेला नाही.

आमचे हे बस चालवायचे. अठ्ठावीस वर्षं चालवली, कुणाला साधा ओरखडा नाही. मग तिन्हीसांजेला त्यांना रस्त्याची कड दिसेनाशी व्हायला लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. शेवटी वर्षाच्या तपासणीत पकडले गेले. गडद रंग डोळ्यांना नीट वेगळे कळत नाहीत, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि त्याच दुपारी डेपोने चावी काढून घेतली. पुढचे आठ महिने हा माणूस खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. जेवायला हाक मारली तर जेवायचं, नाही मारली तर नाही. मी काही साध्वी नाही. दिवसभर उभी राहून घरी यायचं आणि पुढ्यात हा चेहरा. फार चिडचिड व्हायची माझी, आणि मी ती गिळून ठेवणाऱ्यातली नाही.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी एक दिवस ह्यांना जिन्यात गाठलं आणि सरळ हातात दोन सुया दिल्या. काय म्हणाल्या देव जाणे, पण संध्याकाळी मी घरी आले तर आमचे हे गॅलरीत बसून जीभ बाहेर काढून टाके मोजत होते. मला हसूच फुटलं. स्टिअरिंगवरचे ते पंजे आणि त्यात त्या सुया. ते म्हणाले, परतीची फेरी लागलीय, आता बोलू नकोस, मोज चुकेल. एक ओळ जाण्याची, एक येण्याची. बाईंनी शिकवलेलं त्यांनी असं आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं.

लोकर आमच्याकडे पोत्याने होती. मशीनच्या पुठ्ठ्याच्या कोनवर उरलेली लोकर कारखाना आम्हालाच वाटून टाकतो आणि मी ती वर्षानुवर्षं पलंगाखाली कोंबत आले होते. ह्यांनी ते पोतं बाहेर ओढलं, दोन दिवस बसून गुंडे केले आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत रंगवार लावून ठेवले. मग जे सुरू झालं ते विचारू नका. आधी चहाच्या किटलीला टोपी झाली. मग पातेल्यांच्या झाकणांच्या मुठींना टोप्या, दाराच्या कडीला मोजा, छत्रीच्या दांड्याला बाही. घरातली एकही मूठ उघडी राहिली नाही. मी म्हणायची, मी एका जागी फार वेळ बसले तर मलाही टोपी चढवाल. ते म्हणायचे, तोंडाला एक घालायचा विचार आहे. सकाळी कोवळं ऊन गॅलरीत यायचं तेवढा दीड तास त्यांचा. काचेच्या जाड पेल्यात चहा, बारीक आवाजात रेडिओ आणि सुयांची टिकटिक. सुटीच्या दिवशी मी दारात उभी राहून बघायची. एवढ्याशा गोष्टीत माणूस इतका रमतो, याचं मला नवल वाटायचं आणि हेवासुद्धा. मला असं रमता यायचं नाही. कशातच.

त्यांनी एक मोठं काम हाती घेतलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. मी आले की ते पिशवीत जायचं. मला वाटलं, असेल स्वतःसाठी काहीतरी. मी विचारलं नाही.

त्या दिवशी कारखान्यात माझं साहेबांशी वाजलं होतं. नवीन मशीनचा अख्खा गठ्ठा मी परत केला होता आणि साहेब म्हणत होते की एवढं काय बघायचं. डोकं तापलेलंच घेऊन मी घरी आले, पलंगावर बसले आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. ह्यांनी चहा दिला. मग पिशवीतून स्वेटर काढून माझ्या मांडीवर ठेवला. तिथेच उभे राहिले. गडद निळा आणि राखाडी पट्ट्यांचा, गोल गळ्याचा, चांगला जाडजूड.

मी साहेबांचीच कथा सांगत होते. बोलता बोलता मी स्वेटर उचलला, टेबलावरच्या दिव्याखाली धरला, आत हात घालून ताणला. सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ माझ्या पर्समध्ये असतंच. एक दोरा, दुसरा दोरा. तोंड चालू होतं आणि हातही चालू होते. शपथ घेऊन सांगते, मी काय करतेय हे मला कळत नव्हतं. एकवीस वर्षांची सवय. मांडीवर स्वेटर आला की हात तेच करतात. पुढचा भाग झाला, पाठ झाली, बाह्या झाल्या. गोष्ट संपली तेव्हा चहा गार झाला होता आणि स्वेटरला चौतीस दोरे लागले होते. आकडा मला नंतर त्यांनी सांगितला. ते उभ्याउभ्या मोजत होते.

अजूनही सावरता आलं असतं. पण मी स्वेटर समोर धरून बघितलं आणि कारखान्यातल्या टेबलावर जसं बोलते तसंच बोलले.

“सगळे निळ्या पट्ट्यांत आहेत. राखाडीत एकही नाही. गडद रंगात तुम्हाला दिसतच नाही का हो?”

डेपोच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं तेच. फक्त डॉक्टर परका माणूस होता.

ते म्हणाले, हं. स्वेटर घडी घालून पिशवीत ठेवला आणि माझ्यासाठी दुसरा चहा टाकला. मी तो प्यायले. तोही चांगला झालाय की नाही हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीतल्या दोरीवर लोकर वाळत होती. निळी आणि राखाडी, धुतलेली, टाक्यांचे वळसे तसेच राहिलेली. विणलेलं उसवलं की लोकर अशीच कुरळी होते, मग ती धुऊन, खाली वजन बांधून सरळ करावी लागते. खाली आमच्या वजनकाट्याची वजनं लोंबत होती. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, तीनपेक्षा जास्त दोरे म्हणजे माल परत, तूच सांगतेस ना. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते आणि भांडणात मी हरत नाही.

नर्सबाईंनी मला जिन्यात धरलं. त्या म्हणाल्या, दोन महिने खपत होता तो माणूस. तुझा जुना कोट माझ्याकडे आणून माप घेतलं. निळा रंग तुम्हाला सोपा जाणार नाही म्हटलं, तर म्हणाला, तिला निळाच आवडतो, डोळ्यांना नाही दिसलं तर बोटांनी विणीन. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी तिथेच पायरीवर बसले. समोरून बाई चालत आली तर पन्नास पावलांवरून मी तिचं माप सांगते. आणि माझ्याच मांडीवर माझंच माप पडलं होतं, ते मला ओळखू आलं नव्हतं.

काय केलं मी हे! भिंतीकडे बघणारा माणूस महत्प्रयासाने उन्हात येऊन बसला होता. त्याला मी हाताला धरून परत नेऊन बसवलं, तेही दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगता सांगता.

मी माफी मागितली. मला ते जमत नाही, तरी मागितली. ते म्हणाले, त्यात काय, चुका होत्या त्या दाखवल्यास, कामच आहे तुझं. मी म्हटलं, चुका असू देत, मला तोच हवा होता. ते म्हणाले, आता उसवला. आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी नव्याने सुयांवर टाके घातले. ह्या वेळी पांढुरक्या लोकरीचे, आमच्या कारखान्यात सगळ्यात जास्त चालणाऱ्या रंगाच्या. मी निळ्याचे दोन नवे गुंडे आणून डब्यात ठेवले. ते डब्यातच राहिले.

दुसरा स्वेटर मी रोज वाढताना बघितला. गॅलरीत नाही, आत टेबलाशी, दिव्याखाली, भिंगाची काच स्टँडला लावून. रेडिओ बंद, कारण लक्ष जातं. चहा समोर गार व्हायचा. रोज संध्याकाळी मी आले की ते सुयांसकट काम माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, बघ. मी न बघता म्हणायची, छान आहे. ते म्हणायचे, नीट बघ. मग मला दिव्याखाली धरून बघावंच लागायचं आणि ते बाजूला उभे राहायचे, नव्या विणकर पोरी माझ्या टेबलापाशी उभ्या राहतात तसे. एकदा मला एक सैल टाका दिसला. तरी मी छान आहे म्हटलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, काम हातातून घेतलं आणि चार ओळी उसवल्या. त्या दिवसापासून मला चेहरासुद्धा सांभाळावा लागायचा. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्यापुढे.

हळूहळू ते बाकीचंही विचारायला लागले. भाजी एवढी चिरली, चालेल? चादर अशी घातली, बरोबर आहे? अठ्ठावीस वर्षं शंभर माणसं पाठीवर घेऊन फिरलेला माणूस मला विचारत होता की चादर बरोबर आहे का. प्रत्येक वेळी मी हो म्हणायची.

स्वेटर पुरा झाला तेव्हा मी तो काचेवर धरावा तसा दिव्यावर धरला. पुढचा भाग, पाठ, बाह्या, गळा. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, एक तरी सुटलेला टाका सापडू दे. एक सापडला असता तर मी म्हणाले असते, असू दे, ही खूण राहू दे तुमच्या हाताची. पण कुठेच काही नव्हतं. मी तो अंगात घातला. खांद्यात बरोबर, लांबीत बरोबर.

“पास?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पास. दुसरं काय म्हणणार?

तो घालून मी कामावर गेले. मुद्दाम गेले, सगळ्यांनी बघावा म्हणून. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची तपासनीस आली, तिने सवयीने माझी बाही दोन बोटांत धरून ताणली, गळ्याची पट्टी उलटून बघितली आणि म्हणाली, ताई, हा कुठल्या गठ्ठ्यातला गं? आपल्यापैकी कुणाच्या टेबलावर आला नाही असा. मी तिला सांगितलं, घरचा आहे, ह्यांनी विणला. तिचा विश्वास बसेना. बाकीच्या जमल्या, सगळ्यांनी ओढून ताणून बघितला आणि म्हणाल्या, मशीनचाच आहे, चेष्टा करतेस. त्यांच्या लेखी याहून मोठं कौतुक नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर माझीही छाती फुगली. मग मला त्या फुगलेल्या छातीचीच लाज वाटली.

घरी येऊन मी त्यांना हे सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील. झालेही थोडे. सगळ्या तपासनीसांना दाखवलास का, असं विचारलं आणि मान डोलावली. मग मी एकदाचं मनातलं बोलले. म्हटलं, आता एक निळा करा. तसाच, पट्ट्यांचा, गॅलरीत बसून. कसाही होऊ दे. मी सुई-दोरा घरात आणणार नाही.

त्यांनी जरा विचार केला. रागावून नाही, अगदी समजावून सांगावं तसं ते बोलले.

“तो विणताना मला तू दिसायचीस. हा विणताना तुझं टेबल दिसत होतं. आता सुया हातात घेतल्या की टेबलच दिसतं. त्याला मी काय करू?”

ते उठले, सुया नर्सबाईंना परत द्यायच्या आहेत म्हणून कागदात गुंडाळल्या आणि पायऱ्या उतरून खाली गेले. मी स्वेटर न काढता तशीच बसून राहिले. ऊब चांगली आहे त्याची. नाव ठेवायला कुठेही जागा नाही.