धवलमालेच्या चेअरमनबाई

सोमवारी सकाळी साडेसहाला छबूबाई गोर्डे चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. घरात गॅसची शेगडी होती, पण दिराला भाकरी चुलीवरचीच लागायची. नवरा जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर गहिनीनाथ, जाऊ मोनिका, त्यांची तीन मुलं आणि गोठ्यावरचे दोन गडी, एवढ्यांचं सगळं आवरून उरलेल्या वेळात छबूबाई एका दूध कंपनीच्या अध्यक्ष होत्या. चारशे बायका सभासद, रोजचं आठ हजार लिटर दूध, संगमनेरच्या पूर्वेला कालव्याकडेला उभा असलेला प्लांट, आणि फाटकावर पाटी, ‘धवलमाला महिला दूध उत्पादक कंपनी’. गावाचं नाव मी सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

हे घडलं कसं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मुंबईतला एक फंड गहिनीनाथला भेटला. या फंडाचे लोक स्वतःला जबाबदार गुंतवणूकदार म्हणवतात. पैसा द्यायचा, पण तो कुणाचं वाटोळं करून वाढता कामा नये, असं त्यांचं ब्रीद. त्यांच्या अटी तीन: सांडपाणी शुद्ध करूनच ओढ्याला सोडायचं, कामगाराच्या जिवाची काळजी घ्यायची, आणि मालकी बायकांची हवी. या अटींना मी हसणार नाही. तिन्ही चांगल्या आहेत. पण आमच्याकडे अट आणि तिच्यातली पळवाट एकाच दिवशी जन्माला येतात. बाईच्या नावावर जमीन, बाईच्या नावावर दुकान, बाईच्या नावावर सरपंचपद, आणि बाई चुलीपुढं. इतक्या वर्षांची ही सवय की ती वाईट आहे असं कुणाला वाटतही नाही. फंडाच्या अर्जात एकट्या बाईला जादा गुण होते. त्यामुळे मोनिकाऐवजी विधवा वहिनीचं नाव लागलं.

प्लांटच्या मशिनरीची पूजा झाली, त्या दिवशी वहिनींना घरीच थांबायला सांगितलं होतं. शुभ कामात पुढं कशाला, असं मोनिका म्हणाली. महिन्याभरानं फंडाचे पाहुणे आले, तेव्हा त्याच मोनिकानं स्वतःची इरकली त्यांना नेसवली आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. फोटो निघाले. पाहुणे गेले, इरकली परत कपाटात गेली. गावात ‘चेअरमन’ म्हणून हाक मारली की गहिनीनाथच ओ द्यायचा.

तर त्या सोमवारी दुसऱ्या दिवशीच्या पाहणीची धांदल होती. फंडाच्या दिशा मॅडम पाहणीला येणार होत्या. पंधरा दिवस आधी कळवूनच येतात, तसा करारच आहे. सांडपाण्याची टाकी चार महिने बंद होती. वीजबिल वाचवायला पाणी रोज तसंच ओढ्यात जात होतं. आता एका दिवसात टाकी चालू करायची, तर तळाचा पंप गाळानं तुंबलेला. म्हणून गहिनीनाथनं शमुवेलला बोलावलं.

शमुवेल भिंगारदिवे, वय अडतीस, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, प्लांट उभा राहिल्यापासून कामाला. गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीत राहायचा. रविवारी चर्चमध्ये मुलांना गाणी शिकवायचा. तो अंगणात उभा राहिला तशी छबूबाईंनी त्याला चहा दिला, कागदी कपात. बाकीच्या कामगारांना स्टीलचे पेले होते. वेगळी कपबशी ठेवायचे दिवस गेले, असं आता सगळेच म्हणतात. कागदी कप आले आणि विटाळाची अडचण स्वच्छतेच्या नावाखाली मिटली. छबूबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. स्वतः सगळ्यांच्या मागं, गोठ्याच्या कडेला जेवणारी बाई दुसऱ्याला त्याच्याही पलीकडं बसवते, आणि हे लिहिताना मला चीड येते.

“चेअरमन, ते गॅस मोजायचं यंत्र द्या की,” शमुवेल म्हणाला. “नळी खाली सोडून बघतो आन मंग उतरतो. चार म्हैने झाकन लावल्यालं हाय, खाली वायू धरला आसंल.”

“ते पेटीतलं?” गहिनीनाथ मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. “त्याचं सील फोडायचं न्हाई. उद्या म्याडमला दाखवायचंय.”

हे यंत्र, श्वासाचे मुखवटे, कमरेला बांधायचे दोर, सगळं फंडाच्या पैशातून आलं होतं. ते ऑफिसातल्या काचेच्या कपाटात कंपनीच्या वेष्टनासकट मांडून ठेवलं होतं, आणि किल्ली गहिनीनाथच्या खिशात. दर पाहणीला कपाट उघडायचं, दाखवायचं, परत लावायचं. नवं कोरं दिसलं की पाहुणे खूश, हा त्याचा अनुभव.

“मंग निदान मुखवटा तरी.”

“आरं, धा मिंटाचं काम. तुमच्या लोकास्नी तर सवय असती.”

शमुवेलच्या पणज्यानं धर्म बदलला तो हेच वाक्य पुन्हा कानावर पडू नये म्हणून. चौथ्या पिढीत, तारांची आणि मोटारींची विद्या शिकलेल्या माणसाला ते सकाळी सकाळी ऐकावं लागलं. तो प्लांटकडं निघाला. दोन लेकरं शाळेत होती आणि कामावर अजून कायम व्हायचं होतं.

छबूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

“वहिनी, एक सही करा,” गहिनीनाथनं कागद पुढं केला.

“हात पिठाचे हायेत.”

“पदराला पुसा की. उशीर व्हतोय.”

त्यांनी हात पुसले आणि सही केली. छबूबाई सातवी शिकलेल्या, रविवारची पुरवणी त्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचत. पण दिरानं पुढं केलेला कागद चार वर्षांत एकदाही वाचला नव्हता. घरच्या माणसाचा कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं.

शमुवेल नाकाला उपरणं बांधून पावणेदहाला टाकीत उतरला. शिडीच्या तळाशी पोचल्यावर त्यानं एकदा वर पाहून हात केला. मग तो गुडघ्यावर बसला, आणि मग गाळात पालथा झाला. वर उभा असलेला त्याचा जोडीदार कामगार अजिनाथ त्याच्यामागं उडी घेणार होता, त्याला तिघांनी धरून ठेवलं. गहिनीनाथ किल्लीसकट संगमनेरला गेला होता, पाहुण्यांसाठी हार आणायला. शेवटी कुणीतरी दगड घालून काच फोडली. यंत्र हातात आलं, मुखवटा आला, पण तो घालायचा कसा हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं. वेष्टनावरच्या इंग्रजी सूचना वाचण्यात वीस मिनिटं गेली. शमुवेलला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडात गाळ भरला होता. त्याची बायको एस्तेर धावत आली आणि तिनं बोटानं तो काढला. बाहेर काढल्यावर त्याच्या अंगाला तिच्याशिवाय कुणी हात लावला नाही.

मंगळवारी शवविच्छेदन व्हायचं होतं. एस्तेर सकाळपासून प्लांटच्या फाटकात मातीत बसून होती. पाहणी पुढं ढकलावी असं गहिनीनाथच्या मनातही आलं नाही. दिशा मॅडम नऊ वाजताच आल्या, त्यांना मीटिंगच्या खोलीत चहा दिला, आणि शेजारच्या खोलीत त्यानं वहिनींपुढं एक कागद ठेवला. पोलिसांना द्यायचा जबाब होता. छबूबाईंच्या अंगावर आज पुन्हा इरकली होती.

छबूबाईंनी पहिल्यांदाच चष्मा मागितला. गहिनीनाथला ते विचित्र वाटलं, पण त्यानं आणून दिला. त्या अक्षरन् अक्षर मोठ्यानं वाचू लागल्या. मयत शमुवेल भिंगारदिवे हा दारूच्या नशेत, कोणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरला.

“भाऊजी, त्यो पीत न्हवता.”

“मला ठावं हाय. पन त्या बाई पलीकडं बसल्यात. सही करा, मंग बोलू.”

“उतर म्हनून तुमीच सांगितलं. मी दारात हुते.”

गहिनीनाथ चिडला नाही. त्यानं कालचा कागद काढून जबाबाशेजारी ठेवला. “मंग ह्यो वाचा. टाकीतला वायू तपासला, मुखवटा दिला, उतरायची परवानगी दिली. खाली सही कुनाची हाय? माझं नाव ह्या कंपनीत कुटंच न्हाई, वहिनी. म्या नुसती मदत करतो. आता दोनच वाटा. नशेत उतरला म्हना, त्यो तर मेलाच हाय, त्याचं काय जायचंय. न्हाईतर तुमी आत जा.”

त्याचं काय जायचंय. जाणार होतं ते एस्तेरचं. नशेत मेलेल्या माणसाच्या बायकोला भरपाई सहजी कुणी देत नाही, आणि त्याच्या लेकरांना गाव जन्मभर दारुड्याची पोरं म्हणतं. छबूबाईंनी दोन्ही कागद उचलले. गहिनीनाथनं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी कुणाचा हात असा झटकला नव्हता.

मीटिंगच्या खोलीत जाऊन त्या मधल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या राहूनच बोलल्या. “बाई, टाकी तुमी येनार म्हनून उघडली. येरवी बंदच आसती. यंत्र तुमाला दाखवायचं म्हनून त्याला दिलं न्हाई. उतरायचं त्याला माझ्या दिरानं सांगितलं, आन कागदावर सही माझी हाय.”

दिशा मॅडमचा चेहरा उतरला. मुलगी वाईट नव्हती. “तुम्ही सही करताना वाचलं नव्हतं का, मावशी?”

“वाचता येतं मला. वाचलं न्हाई.”

मग त्या फाटकात गेल्या आणि एस्तेरलाही हेच सांगितलं.

“मंग आता तुमच्या सहीचं मी काय करू?” ती म्हणाली.

पुढं सगळं कायद्यानं झालं. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा अध्यक्ष छबूबाई गोर्डे यांच्यावर दाखल झाला. त्या तेवीस दिवस तुरुंगात होत्या. उतर म्हणून सांगणाऱ्याचं नाव त्यांनी जबाबात दिलं होतं, पण कागदोपत्री त्याचा कंपनीशी संबंध नाही म्हणून ते बाजूला राहिलं. फंडाच्या मुंबईच्या ऑफिसात बैठक बसली. अटींचा भंग झाला होता, तेव्हा पैसा काढून घ्यायचा, असं ठरलं. थांबून ते यंत्र कपाटातून बाहेर काढावं, कामगारांना मुखवटा घालायला शिकवावं, खऱ्याखुऱ्या बायकांच्या हाती कारभार द्यावा, असा एक कागद दिशा मॅडमनी लिहिला होता. हे होण्यासारखं होतं. त्या चारशेतल्या निम्म्या तरी बायका शिकलेल्या होत्या. पण थांबण्यात नाव खराब होण्याचा धोका होता, आणि निघण्यात नव्हता. तीन महिन्यांत प्लांटला कुलूप लागलं. चारशे बायकांचं दूध पुन्हा दारावरच्या व्यापाऱ्याच्या दरात गेलं, आणि त्यांनी शिव्या दिल्या त्या छबूबाईंना. एस्तेरच्या भरपाईचा अर्ज बंद कंपनीच्या नावानं फिरतो आहे. शमुवेल दारुडा ठरला नाही, एवढंच झालं. गहिनीनाथनं राहुरीच्या बाजूला दुसरी महिला कंपनी काढली आहे. अध्यक्ष मोनिका.

छबूबाई जामिनावर सुटल्या तेव्हा घराचं दार त्यांना बंद झालं होतं. आता त्या संगमनेरात एका खानावळीत पोळ्या लाटतात. दुपारच्या सुट्टीत आसपासच्या गावांतल्या बायका त्यांच्याकडे कागद घेऊन येतात. त्या मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि समजल्याशिवाय सही करू देत नाहीत. दोघींच्या नवऱ्यांनी खानावळीत येऊन तमाशा केला. छबूबाईंनी वाचणं सोडलं नाही. महिन्यापूर्वी त्या मोनिकाकडेही गेल्या होत्या. तिनं दार उघडलं नाही.

मला हे सगळं कसं माहीत, असं तुम्ही विचाराल. मी निवृत्त प्राध्यापक. पेन्शनीतून साठलेले पैसे मी त्याच फंडात ठेवले होते, पाणी आणि माणसं यांची काळजी घेणारा फंड म्हणून, हौसेनं आणि थोड्या अभिमानानंही. वार्षिक अहवालात तळाशी एक ओळ होती: ‘एका कंत्राटी कामगाराचा अपघाती मृत्यू, गुंतवणूक जबाबदारीने काढून घेण्यात आली.’ ती ओळ डोक्यातून जाईना, म्हणून मी त्या गावी गेलो.

एस्तेर दारात कपडे वाळत घालत होती. मी अहवाल तिच्यापुढं धरला. तिनं तो हातात घेतला नाही.

“यांचं नाव हाय का त्यात?”

“नाही,” मी म्हणालो.

तिनं एक सदरा झटकून दोरीवर टाकला.

“तुमचे पैशे बुडाले आसतील न्हवं, सर?”

“नाही,” मी म्हणालो. “वाढले.”